चोर्ल्याच्या व्हाळातले इरलेवाले

पावसाळ्यात गोव्यातल्या साखळीहून केरीकडे निघालेल्या बहुतेक गाड्या वझर, म्हणजे धबधबे, बघायला चाललेल्या असतात. आम्ही मात्र अंजुणे धरण मागे टाकून चोर्ला घाट चढायला लागलो की बघण्यासारखं काहीच नाही अशा जागी थांबतो. रस्त्याखालच्या मोरीतून वाहणारा एखादा हातभर रुंदीचा व्हाळ, शेवाळलेले दगड आणि त्यांवर बसलेले नाकतोडे. सोबतचा सत्तरी तालुक्यातला मित्र दर वेळी विचारतो, "ह्यापरास तुला फुलपाखरां बरी नाय काय दिसत?" दिसतात. पण फुलपाखरांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत.

सप्टेंबरअखेर निघायचं कारण साधं आहे. जून-जुलैत गवतात पिल्लांचाच भरणा असतो आणि पिल्लावरून जात ठरवायला गेलं की डोकं फिरतं. आधी पिल्लू ओळखायला शिकावं. पंखांच्या जागी नुसते फुटवे दिसले आणि मागचा फुटवा पुढच्यावर चढलेला असला, तर ते पिल्लूच. मोठा झाल्यावर पुढचा पंख वर येतो. रंगावर तर अजिबात विसंबू नये. एकाच जातीत हिरवेही असतात आणि सुक्या गवतासारखे तपकिरीही.

केरीच्या भातशेतांच्या बांधावर ऑक्सिया, म्हणजे भातावरचा नाकतोडा, भेटला. अंग हिरवं, डोळ्यामागून मागे जाणारा गडद तपकिरी पट्टा. ही खूण पटली की जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, बऱ्यापैकी नक्की होतो. पुढे मात्र वाट अडते, कारण यातल्या जाती वेगळ्या करायला पोटाच्या टोकाचे अवयव बघावे लागतात, आणि गवतात बसलेला नाकतोडा ते दाखवायला काही वळून बसत नाही. बांधावरून जाणाऱ्या एका काकांनी विचारलं, "तुमी कितें सोदतात?" नाकतोडे म्हटल्यावर ते हसले. भात खाणाऱ्याचा फोटो काढायला कुणी पेट्रोल जाळून येतं, हे त्यांना पटणं कठीणच होतं.

खरी मजा व्हाळात. तिथे टेट्रिजिडी कुळातले पिग्मी नाकतोडे असतात. यांची मानेमागची ढाल मागे वाढत वाढत सगळ्या पोटावर पसरते, जणू पावसात लावणी करणाऱ्या बाईने घेतलेलं इरलं. पुढचे पंख खवल्याएवढेच उरलेले, आणि उडणारे असतील तर मागचे पंख ढालीखाली घडी करून ठेवलेले. लांबी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. यांना कान नाहीत, हे गातही नाहीत. खाणं म्हणजे शेवाळ, दगडावरची हिरवी साय, कुजका पाचोळा. त्यामुळे गवत झोडपत फिरण्यापेक्षा ओल्या दगडाजवळ उकिडवं बसणं फायद्याचं.

बसलो तर समोरच एक होता. ढालीच्या दोन्ही बाजूंना काटे, डोळे वर उचललेले, आणि अंग दगडाच्याच रंगाचं. लेन्स जवळ नेताच त्याने सरळ पाण्यात उडी टाकली आणि मागच्या पायांनी पाणी मारत पलीकडच्या दगडावर चढला! स्केलिमेना हा पिग्मी नाकतोड्यांतलाच एक जीनस; तो आणि त्याच्या गोतावळ्यात मागच्या नडगीच्या कडा पातळ, पसरट असतात, त्या याच कामाच्या. पाणी निथळत तो पुन्हा शेवाळ कुरतडायला लागला.

फोटोबद्दल माझं मत पक्कं आहे. समोरून घेतलेला, दोन डोळे आणि मागे धूसर हिरवं असा फोटो भिंतीवर लावायला ठीक, ओळख पटवायला कुचकामी. एक बाजूने, अंग सेन्सरला समांतर. एक बरोबर वरून, ढालीचा आकार आणि खांद्याची रुंदी दिसेल असा. एक मागच्या पायाचा. शक्य झालं तर मिशांचा, कारण त्यांचे पेर मोजावे लागतात. कॅमेऱ्याचं छिद्र एफ ११ वर, फ्लॅशवर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा. नाकतोडा उडून गेल्यावर त्याच दगडावर पट्टी ठेवून एक फोटो घ्यायचा, म्हणजे मापाचा अंदाज राहतो. अशा रटाळ फोटोंना लाइक मिळत नाहीत, पण नावं यांच्यावरूनच लागतात. अर्थात हे सगळं रस्त्याकडेला. म्हादई अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी काढूनच.

या कुळावर पहिला मोठा अभ्यास १८८७ मध्ये इग्नासिओ बोलिव्हार या स्पॅनिश कीटकशास्त्रज्ञाने फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केला. पुढे यादवी युद्धानंतर त्याला देश सोडावा लागला आणि १९४४ मध्ये तो मेक्सिकोत वारला. त्याच्यापुढे टाचणीवरचे नमुने असायचे, उलटेपालटे करून बघायला. आमच्यापुढे दगडावरून उडी मारणारा जिवंत प्राणी.

रात्री साखळीला चहा घेत फोटो चाळले. ऑक्सियावर जीनसपर्यंतच नाव पडलं. व्हाळातल्या पोहणाऱ्यावर "स्केलिमेनाच्या गोतातला" एवढंच लिहिलं. गवतातल्या दोघा-तिघांवर मित्राने स्वतःच्या हाताने "पिल्लू" लिहिलं आणि पुढच्या वेळी पट्टी तोच आणणार असं जाहीर केलं.