मासा चालतोय!

"मामा, तो बघ मासा चालतोय!"

आज ऐरोलीला खाडीकाठी भाची ओरडली. ओहोटी होती, चिखलावर निवट्या निघाल्या होत्या. पुढच्या दोन परांवर जोर देत सरकायच्या, मध्येच शेपटी आपटून टुणकन उडी. निवटी हा मासाच. ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर बराच वेळ राहू शकतो.

ती खूश. मग एकदम गंभीर. "पण पेपरात 'फिश स्विम्स'च लिहायचं ना?"

तिची इंग्रजीची चाचणी आहे, कोणता प्राणी कसा चालतो त्या शब्दांच्या तक्त्यावर. डक वॉडल्स, स्नेक स्लिदर्स, हॉर्स गॅलप्स. सगळं तोंडपाठ. शब्द खरंच छान आहेत, ते यायलाच हवेत. पण वॉडल करणारं बदक तिने पाहिलेलं नाही, भरधाव घोडा तर नाहीच. आणि जे डोळ्यांनी पाहिलं, त्याला तक्त्यात रकाना नाही.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. निवट्या, खेकडे, चिखल ढवळत चालणारे फ्लेमिंगो, सगळं इथे घराजवळ आहे. हा धडा एखाद्या ओहोटीला इथेच घेतला तर? तुमच्या मुलांच्या शाळेत कुणी नेतं का असं?