सातबाऱ्यावर नसलेलं

सातबाऱ्यावर जमिनीचं क्षेत्र असतं, सामायिक खातेदारांची लांबलचक रांग असते, इतर हक्कांत एखाद्या कुळाचं नाव असतं. पण आगरातल्या दोन फणसांपैकी कापा (कडक गऱ्यांचा) कुठला नि बरका (मऊ गऱ्यांचा) कुठला, हे त्यावर नसतं. खाडीकडच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ झालं की पिण्याचं कुठून आणायचं, गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, कुठली खिंड शेजाऱ्याची पूर्वापार वाट म्हणून मोकळी ठेवायची, गणपतीची पाळी कुणानंतर कुणाची, हे सगळं घरातल्या एखाद्याच्याच डोक्यात असतं. तो माणूस गेला की चाकरमानी येऊन खिंड बुजवून टाकतात आणि शेजारी दुसऱ्या दिवशी दारात उभा.

म्हणून मागच्यांसाठी पत्र लिहून ठेवायचं. याला मृत्युपत्र समजू नये. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी मात्र सक्तीची नसते. पत्राला साक्षीदार नसतात, तेव्हा त्यात ‘वरच्या कातळावरची कलमं धाकट्याला’ असं एक वाक्यसुद्धा घालू नये. ते कोर्टात टिकत नाही. भावाभावांच्या भांडणात मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

सुरुवातीलाच बहुतेकांचं पेन अडतं. वर ‘श्री’, खाली ‘चि. यांस अनेक उत्तम आशीर्वाद’, मग ‘सर्वांनी मिळून-मिसळून राहावे’, आणि पुढे काही सुचत नाही. उपदेशाला फार तर अर्धं पान द्यावं. त्यापेक्षा देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं आठवावं. ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं की गाऱ्हाणं घालणारा थेट मुद्द्याला हात घालतो : कोण आलाय, कुठून आलाय, अडचण काय, मागणं काय. पत्रालाही हीच चाल बरी. एका बैठकीला एकच विषय, एक-दीड पान. चार-पाच बैठकांत पत्र होतं.

सालांचा घोळ ठरलेला. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, आपत्ती आठवते. मग तिलाच धरून चालावं. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ला, कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, फयान वादळ आलं नोव्हेंबर २००९मध्ये, निसर्ग वादळ ३ जून २०२०ला, तौक्ते मे २०२१मध्ये. ‘विहीर भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात खणली’ एवढं कळलं तरी १९६७ लिहिता येतं. पत्रात मात्र दोन्ही ठेवावं, आठवण आणि आकडा.

पाककृतीत खरा शत्रू म्हणजे ‘अंदाज’. मोदकाच्या सारणाला दोन वाट्या चवाला (खोवलेल्या नारळाला) एक वाटी गूळ, उकडीला एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, हे सगळ्यांनाच माहीत असतं. लिहायचं ते त्यापुढचं : नव्या तांदळाची पिठी पाणी कमी पिते, जुन्याची जास्त. ‘आपली ती पितळेची वाटी’ असं लिहिलं तर नातसुनेला काय कळणार? त्या वाटीत किती मिलिलिटर पाणी मावतं ते मोजून लिहावं. मुठीने मीठ घालणाऱ्या हाताखाली वजनकाटा धरावा, तीनदा मोजावं आणि मधला आकडा घ्यावा. (हात ज्याचा, तो चिडतो. चिडू द्यावं.)

आता कागद. कोकणात कागदाला दोन वैरी : ओल आणि वाळवी. जुन्या पेट्यांतून निघणारे मोडी कागद पाहिले की कळतं, काजळाची शाई अजून काळी कुळकुळीत आहे, वाचणारा उरलेला नाही. नातवंडं इंग्रजी शाळेतली, तेव्हा अक्षर सुटं, मोठं काढावं. पेन निवडताना एक ओळ लिहावी, वाळू द्यावी, वर पाण्याचा थेंब टाकावा आणि पाच मिनिटांनी बोट फिरवावं. शाई पसरली तर ते पेन वाण्याच्या यादीला. टाचणी, स्टेपल नको, गंजाचा डाग कागद खातो. पानं दोऱ्याने शिवावीत. लॅमिनेशन तर नकोच. कडेने शिरलेली ओल आत कोंडते, बुरशीचे ठिपके पडतात आणि प्लास्टिक सोडवायला जावं तर कागदही सोबत निघतो.

पत्र सुती कापडात गुंडाळून, वेखंडाचा तुकडा घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावं. सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल प्यायली, बदलायचे. डबा पौष-माघातल्या कोरड्या दुपारी बंद करावा. जुलैत बंद केला तर जुलैच आत कोंडला जातो. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, जांभा दगड पाणी ओढतो. मोबाइलवर फोटो काढून दोघा-तिघांना पाठवून ठेवावेत.

आणि लिहिणारा हयात असतानाच गणपतीत सगळे जमले की एकदा मोठ्याने वाचावं. दुसऱ्याच पानावर कुणीतरी आत्या मान हलवते : ‘नाय हो, विहिरीकडचा तो बरका, कापा तो मांगराकडचा.’ खोडायचं नाही. समासात आत्याचं म्हणणं लिहायचं, खाली तारीख घालायची आणि पुढच्या मेमध्ये दोन्ही फणस फोडून बघायचे.