उजवा खांदा, वय 84

मी टॅम्पात फिजिओ आहे, मूळची मिरजेची. फ्लोरिडात म्हाताऱ्यांना तोटा नाही त्यामुळे खांदा, गुडघा, कंबर हेच दिवसभर चालू असतं आणि खरं सांगू, दुपारी तीननंतर कुठला खांदा कुणाचा हे पण डोक्यात राहत नाही. हा एक राहिला.

आजोबा क्यूबाचे, चांगले काळेकुट्ट, कडक इस्त्रीचा शर्ट. फाइलवर एवढंच की रोटेटर कफ (खांदा फिरवणारे स्नायू), उजवा. उताणं झोपवलं, दंड बाजूला काढला, कोपर वाकवलं आणि पंजा हळूहळू मागे नेत गेले तर हात आपला जातोच आहे, जातोच आहे. गोनियोमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला, 104 अंश. डावा 80 लाच अडला. आत वळवताना बरोबर उलटं, उजवा कमी. मला वाटलं माझंच मोजायला चुकलंय, परत मोजलं. दुखरा खांदा चांगल्यापेक्षा जास्त फिरतो कसा? मग ट्यूब पेटली. पोरवयात, हाडं वाढत असतानाच हजारो वेळा जोरात फेकलेलं असलं की दंडाचं हाडच जरा पिळलेलं राहतं, आणि ते मग जन्मभर तसंच.

विचारलं, "बेसबॉल? पिचर?" (पिचर म्हणजे त्यांच्यातला बॉलर.)

"हाडाने चुगली केली वाटतं, मिहा," म्हणाले. मिहा म्हणजे पोरी. माझं स्पॅनिश मोडकं, त्यांचं इंग्लिश तसलंच, पण चाललं.

1960 ला हवानाहून आले. पुढच्याच वर्षी तिकडे कॅस्ट्रोने प्रोफेशनल बेसबॉल बंद केलं, म्हणजे परतीची वाट संपली. 1962 ला कॅरोलिनात मायनर लीग, म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या खालची पायरी. टीममध्ये त्यांच्याच गल्लीतला एक मित्र होता, सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसपाशी फील्डिंग करणारा, रंगाने गोरा. हवानात दोघं एका ताटात जेवलेले. इथे बस हॉटेलपाशी थांबली की मित्र पुढच्या दारानं आत आणि हे बसमध्ये. मग तो कागदी पिशवीत सँडविच घेऊन यायचा, तोवर त्याचं खाऊन झालेलं असायचं. रात्री टीम मोटेलवर, यांना गावाच्या पलीकडच्या टोकाला एका काळ्या कुटुंबाकडे खोली. ती माणसं भली होती पण त्यांना स्पॅनिश येईना आणि यांना इंग्लिश, त्यामुळे तिथे पण हे परकेच. सकाळी परत मैदानावर, 60 फूट 6 इंचांवरून बॉल टाकायला. (आपली क्रिकेटची पिच 66 फुटांची, हे मी लगेच सांगून टाकलं, त्यांना काही विशेष वाटलं नाही.)

म्हणाले गोऱ्यांचा राग नाही यायचा, ते तसेच. राग यायचा त्या पिशवीचा.

हे ऐकताना मला आमच्या मिरजेच्या घरच्या परसातला कोनाडा आठवला, त्यात कान तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला असायचा. कुणासाठी ते मी लहानपणी कधी विचारलं नाही. त्यांना यातलं काही बोलले नाही, नुसता थेराबँड, व्यायामाचा रबरी पट्टा, हातात दिला.

बँड ओढता ओढता ते मेंडेझवर आले. होसे मेंडेझ, क्यूबाचा काळा पिचर, 1908 मध्ये अमेरिकेतली सिनसिनाटीची मेजर लीग टीम तिकडे आली तर यानं पूर्ण मॅचमध्ये एकच हिट दिली, 1-0 ने हरवलं. पण रंगामुळे मेजर लीगचं दार बंद ते बंदच. आणि त्याच सिनसिनाटीकडून पुढे 1923 ला आदोल्फो लुकेने 27 मॅच जिंकल्या, तो पण क्यूबाचाच, पण गोरा आणि निळ्या डोळ्यांचा. 1947 ला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू आल्यावर मेजर लीगचं दार उघडलं खरं, पण खालच्या गावांतल्या हॉटेलांपर्यंत ते पोचायला बराच वेळ लागला. हॉटेलांतला असला भेदभाव बंद करणारा सिव्हिल राइट्स कायदा 2 जुलै 1964 चा. त्यानंतर 17 दिवसांनी लुईस टियांट, काळाच, क्यूबाचाच, यँकी स्टेडियमवर पहिल्याच मॅचला उतरला, 11 स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद) आणि यँकीजना एक रन करू दिली नाही. त्याचे वडील पण जबरदस्त पिचर, पण त्यांच्या काळात काळ्यांची वेगळी नीग्रो लीगच. आजोबांचा खांदा तोवर गेला होता, ते टॅम्पात ट्रक चालवत होते.

"आणि तो मित्र?" मी विचारलं.

"बाहेर बसलाय. मला डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही."

मी दारातून डोकावले तर खरंच एक गोरे आजोबा मासिक चाळत बसलेले. यांनी आतूनच हाक मारली आणि ते आत आले, काय चाललंय विचारलं, पिशवीचा विषय कळला तर लगेच म्हणाले, कॅरोलिना कुठलं, जॉर्जिया! झालं. दोघांची स्पॅनिशमध्ये जुंपली, इतकी फास्ट की मला दहातले दोन शब्द कळत होते. हॅम होतं की अंडं होतं, पैसे कुणी दिले, एकदा म्हणे पिशवी आणलीच नाही. नाही आणली यावर गोरे आजोबा एकदम गप्प झाले, मग हळू आवाजात म्हणाले, त्या दिवशी मी पण जेवलो नव्हतो. हे म्हणाले, खोटं बोलतोस.

पुढचा पेशंट पंधरा मिनिटं ताटकळला होता. मी आइसपॅक बांधला, दोघांना तसंच भांडत सोडून कॉम्प्युटरवर नोट टाकली: उजवा खांदा, बाहेरचं रोटेशन 104, वेदना दहापैकी चार. जाताना गोऱ्या आजोबांनी यांच्या शर्टाची बाही नीट करून बटण लावून दिलं, तोंडाने भांडण चालूच.