आवाज खर्जाचा, गाणं जपानी: कराओकेसाठी मी गाणी कशी निवडतो

जपानमध्ये ऑफिसच्या जेवणानंतरची 'निजिकाई', म्हणजे दुसरी बैठक, पुष्कळदा कराओकेच्या खोलीत होते, आणि तिथे हातात येणारी पुरुषांची नवी गाणी बहुतेक उंच आवाजासाठी बांधलेली असतात. खर्जाचा आवाज असलेला माणूस मग रिमोटवरचं 'की' बटण, म्हणजे गाण्याचा सूर वर-खाली करणारं, उणेकडे दाबत राहतो. साबी, म्हणजे गाण्याचा चढता मुख्य भाग, कसाबसा गळ्यात बसतो. पण सुरुवातीचा ए-मेरो, म्हणजे साबीआधीच्या पहिल्या ओळी, इतका खाली जातो की नुसती घरघर ऐकू येते. दोष आवाजाचा नसतो, निवडीचा असतो. वरचा स्वर बघून गाणं निवडणं मी बंद केलं. आधी बघतो खालचा स्वर, मग दोन्हींमधलं अंतर.

आपल्याकडे 'माझी पट्टी काळी एक' एवढं सांगितलं की पेटीवाल्याला पुरतं. कराओकेत सा सांगून भागत नाही, आवाजाची दोन टोकं माहीत असावी लागतात. त्यासाठी फोनवर ट्यूनर ॲप उघडायचं आणि 'आ'कारावर हळूहळू खाली उतरायचं. जिथे नुसता आवाज निघतो तो स्वर धरायचा नाही. जिथे अख्खी ओळ शब्दांसकट स्पष्ट म्हणता येते, तो आपला खालचा स्वर. वरही तसंच: एकदा ओरडून लागलेला स्वर मोजू नये, ४-५ सेकंद न ताणता टिकतो तो खरा. हे मोजमाप संध्याकाळी करायचं. सकाळी उठल्या उठल्या आवाज जड असतो, तेव्हा मिळालेले खालचे दोन-तीन स्वर रात्री ८ वाजता नसतात.

पाश्चात्त्य स्वरनावांत माझं माप आलं एफ २ ते डी ४, म्हणजे साधारण ८७ ते २९४ हर्ट्झ. जपानी भाषेत हेच 'लो एफ ते मिड२ डी'. ही पद्धत नीट समजून घ्यावी लागते. ॲपमधला आकडा सी या स्वराला बदलतो, जपानी पद्धतीत गट ए या स्वराला बदलतो. ११० हर्ट्झचा ए म्हणजे मिड१ ए, २२०चा मिड२ ए, ४४०चा हाय ए. पियानोचा मधला सी म्हणजे मिड२ सी. इथे गल्लत झाली की हिशेब थेट एका सप्तकाने चुकतो. गाण्याच्या जपानी नावापुढे 'ओनइकि' (स्वरांचा पल्ला) हा शब्द टाकून शोधलं की बहुतेक गाजलेल्या गाण्यांचे खालचे-वरचे स्वर सापडतात.

आता वजाबाकी. 'की'चा एक आकडा म्हणजे एक अर्धस्वर, पेटीवरची लगतची पट्टी. लो एफ ते मिड२ डी हे अंतर २१ पट्ट्यांचं. एखादं गाणं मिड१ सी ते मिड२ जी असेल, तर त्याचा पसारा १९ पट्ट्यांचा. उणे ५ केलं की ते लो जी ते मिड२ डी होतं आणि आरामात बसतं. पण लो जी शार्प ते हाय ए असं गाणं असेल, तर पसारा २५ पट्ट्यांचा. ते कुठल्याही 'की'त बसणार नाही. वरचं टोक सांभाळायला उणे ७ केलं, तर खालचं टोक लो सी शार्पवर जातं, जिथे बहुतेक पुरुषांचा आवाजच पोहोचत नाही. अशा गाण्याचा नाद मी आकडा बघताच सोडतो, कितीही आवडीचं असलं तरी.

पसारा बसला तरी मुक्काम कुठे आहे ते ऐकायचं. वरचा स्वर अख्ख्या गाण्यात एकदा चाटून जात असेल तर चालतं. साबीच्या आठही ओळी त्याच्या आसपास राहत असतील, तर दुसऱ्या कडव्यापर्यंत गळा बसतो. शेवटची साबी पुष्कळ गाण्यांत एक-दोन पट्ट्या वर सरकते. पहिलं कडवं सोपं गेलं म्हणून फसायचं नाही, शेवट आधी ऐकून घ्यायचा.

खर्जाच्या आवाजाला सर्वांत जास्त उपयोगी पडतात ती बायकांची गाणी, एक सप्तक खाली. मिड१ जी ते हाय सी एवढ्यातलं बायकांचं गाणं घ्या. एक सप्तक खाली ते लो जी ते मिड२ सी होतं. मूळ 'की'ला हात न लावता बसतं, वर दोन पट्ट्या चढवायलाही जागा उरते. डॅम या कंपनीच्या कराओके मशीनवरच्या 'सेइमित्सु साइतेन' या गुणमोजणीत सप्तकाचा फरक चूक धरला जात नाही, म्हणून गुणही जात नाहीत.

याच हिशेबातून दुसरी युक्ती निघते. पुरुषांचं एखादं गाणं ९ पट्ट्या खाली हवं असेल, तर उणे ९ शोधत बसायचं नाही. 'की' अधिक ३ करायची आणि एक सप्तक खाली गायचं: १२ वजा ३ म्हणजे ९. साथसंगीत फार उतरवलं की बेस गढूळ होतो, गाणं झोपाळू वाटतं. अधिक ३ला तेच संगीत उजळ राहतं आणि खालचा आवाज त्यातून वेगळा कळतो.

एक खबरदारी. काही गाणी मशीनमध्ये मूळ रेकॉर्डच्या 'की'त भरलेली नसतात. म्हणून आधी 'गेन्क्योकु की', म्हणजे मूळ की, हे बटण दाबायचं आणि तिथून मोजायचं. नव्या रिमोटवर गाणं पाठवण्याआधीच 'की' ठरवता येते. तसं करावं, गाणं सुरू झाल्यावर बदलली की पहिली ओळ हमखास घसरते.

मुळातच खालच्या आवाजाची गाणीही आहेत. गायक फ्रँक नागाई तर 'खालच्या आवाजाची मोहिनी' अशाच ओळखीने गाजले. त्यांचं १९५७चं 'युराकुचो दे आइमाशो' संथ आहे, श्वासाला जागा देतं. तेराओ आकिरा यांचं १९८१चं 'रुबी नो युबिवा' जवळजवळ बोलल्यासारखं आहे आणि पन्नाशीपुढच्या जपानी सहकाऱ्यांना लगेच ओळखू येतं. त्यात शब्द मात्र दाट येतात, ते आधी पाठ हवेत. गायक फुकुयामा मासाहारू यांचा आवाज खालचा, पण साबी वर जाते, तेव्हा दोन-तीन पट्ट्या उतरवाव्या लागतात. युगुलगीतात पुरुषाची बाजू हवी असेल तर इशिहारा युजिरो आणि माकिमुरा जुन्को यांचं १९६१चं 'गिन्झा नो कोइ नो मोनोगातारी' घ्यावं. युगुलगीतात 'की' उतरवली तर बाईचीही उतरते, तेव्हा आधी विचारून घ्यायचं.

चाचणी एकट्याने करायची. याला तिथे 'हितोकारा' म्हणतात, आणि कामाच्या दिवशी दुपारी खोली स्वस्त मिळते. एका तासात मी १० ते १२ गाणी तपासतो: ए-मेरो आणि एक साबी गायची, लगेच थांबवायचं, 'की' एकाने बदलून पुन्हा. फोनमध्ये नाव, 'की' आणि मूळ सप्तक की खालचं, एवढंच लिहून ठेवतो. कांजीवर, म्हणजे चिनी चिन्हांवर, बारीक हिरागाना (उच्चार दाखवणारी जपानी अक्षरं) दिलेली असते, त्यामुळे वाचायला अडत नाही. अडतो तो वेग.

शेवटी माइक. खालच्या आवाजाचा पाया ८० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि नेमका तिथेच बेस गिटार असतो. आवाज बुडतो तो यामुळे. जोर लावून तो वर येत नाही. मी संगीत दोन घरं कमी करतो, एकोही कमी करतो, कारण जास्त एकोत क आणि त सारखी व्यंजनं पुसली जातात. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं, सरळ तोंडासमोर. वरच्या स्वराला तो किंचित लांब न्यायचा, ए-मेरोच्या खालच्या ओळींना पुन्हा जवळ आणायचा.