बेड नंबर चार

चवथीला आठ दिवस उरले होते. आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरसाठी गोव्यातली चवथ म्हणजे ड्युटी लावण्याची डोकेदुखी. पेडणे, सत्तरी, डिचोली, सगळ्यांनाच रजा हवी. मग सासष्टीच्या कॅथलिक मुली जादा ड्युट्या ओढतात. ‘नाताळात फेडू गं,’ असं मी दरवर्षी म्हणते. किती फेडलं, ते त्याच जाणोत.

बेड नंबर चारवर फोंड्याकडचे एक निवृत्त मास्तर होते, वय ७८. मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन व्हेंटिलेटरवर सोळा दिवस झाले होते. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन ट्यूब घालायचा विषय काढला, तेव्हा मुलीने पिशवीतून एक कागद काढला. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. २०२४ मध्ये गोवा खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तर यंत्रावर जगवू नका असं आधीच लिहून ठेवलेला कागद, नोंदवल्याची बातमी वाचून मास्तरांनी आपलंही करून ठेवलं होतं. पूर्वी असल्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या जानेवारीत ती अट काढली, म्हणून हे शक्य झालं.

आमच्या डॉक्टरांचं मंडळ बसलं, मग बाहेरच्या डॉक्टरांचं दुसरं. दोन्हींचं मत एकच: व्हेंटिलेटर काढावा. मुलाने एकदाच विचारलं, ‘चवथ झाल्यावर केलं तर?’ घरात सुतक आलं असतं, गणपती राहिला असता. त्याला हसू नका, मलाही तेच वाटत होतं. मुलगी म्हणाली, ‘बाबांनी कागदावर चवथ लिहिलेली नाही.’

अडचण दुसरीकडून आली. आमचा सगळ्यात अनुभवी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, पेडण्याचा, माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ‘म्हाका जमचें ना, सिस्टर.’

मी त्याला समजावलं. इंजेक्शन देऊन मारणं आपल्या देशात गुन्हा आहे. हे तसलं नाही, उपचार थांबवणं आहे, आजार आपल्या वाटेने जाणार. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, ‘कोर्टाला फरक दिसतो. कफची हवा काढणारा हात माझा.’ कफ म्हणजे ट्यूब श्वासनलिकेत घट्ट धरून ठेवणारा फुगा. त्याची हवा काढली की ट्यूब निघते.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुंबईच्या केईएमच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अचेत पडलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबागला ४२ वर्षं सांभाळलं. २०११ मध्ये कोर्टाने तिच्या वतीने बोलण्याचा मान त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला होता. आताच्या पद्धतीत दोन मंडळं आहेत, दोन्हींत सगळे डॉक्टर. ज्या हातांनी ते काम व्हायचं, त्यांना एका ओळीनेही कुणी विचारत नाही. मी त्याला बेड सातवर टाकलं. मेट्रनबाईंना हे फारसं आवडलं नाही. ‘आज हा, उद्या सगळेच नाही म्हणतील,’ म्हणाल्या. त्यांना प्रत्येक गोष्ट संपासारखी दिसते.

बेड सातवर जाण्याआधी त्याने स्वतःहून मास्तरांची दाढी केली. सोळा दिवसांची, ट्यूबच्या टेपमधून वाट काढत. एकही ओरखडा नाही.

त्याच्या जागी मी आमची सर्वांत लहान सिस्टर घेतली. सासष्टीची, कंत्राटावर, अजून सहा महिनेही झाले नव्हते. मेट्रनबाई म्हणाल्या, ‘तिचं सोपं. पोपने १९५७ सालीच सांगितलंय, हाताबाहेरच्या पेशंटला यंत्रावर ठेवलंच पाहिजे असं नाही.’ मला ते पटलं. सोयीचंही होतं.

हे काम कसं करतात ते कुणी शिकवत नाही. फीड सकाळीच बंद केलं होतं, तरी नाकातल्या नळीने पोट पुन्हा रिकामं केलं, कारण ट्यूब निघताना उलटी झाली तर घरच्यांच्या डोळ्यांपुढे तेवढंच राहतं. घशात घरघर होऊ नये म्हणून स्राव सुकवणारं इंजेक्शन वेळेआधी दिलं. मॉर्फिन भरून तयार, कपाटाच्या रजिस्टरवर दोन सह्या: एक माझी, एक तिची. मॉनिटरचा आवाज बंद केला, पडदा उलट फिरवला. आकडे बघत बसले की लोक माणसाकडे बघत नाहीत. टेप ओढायची नाही. या वयात गालाची कातडी तिच्याबरोबर येते. मी खोबरेल तेल लावून वीस मिनिटं थांबले. मग सक्शन, सिरिंजने कफची हवा, आणि डॉक्टरांनी ट्यूब काढली. सिरिंज तिच्या हातात होती. हात स्थिर होता.

मुलगी कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली, बहुतेक विष्णुसहस्रनाम. एक तास चाळीस मिनिटं. श्वास शांत होता. इतकं नीट झालेलं मी एकोणीस वर्षांत क्वचित पाहिलंय, आणि मला त्याचा अभिमान वाटला. अजून वाटतो.

त्या रात्री मी ब्रदरच्या बाजूने काही सापडतं का शोधत होते. ग्लासगोतल्या दोन सुईणींचा खटला सापडला, गर्भपाताचा. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये म्हटलं, स्वतःच्या हाताने नकार देता येईल. दुसऱ्यांच्या ड्युट्या लावायला, देखरेखीला नकार देता येणार नाही. म्हणजे माझं काम सवलतीत बसत नाही. वाचून जरा राग आला, जरा बरंही वाटलं.

विसर्जन झाल्यावर ती लहान सिस्टर आणि मी औषधांच्या कपाटाची मोजणी करत होतो. मी सहज म्हटलं, ‘त्या दिवशी तुला काही वाटलं नाही ना गं?’

ती अँप्युल मोजत होती. वर न बघता म्हणाली, ‘म्हाका कोणेंच विचारूंक ना, सिस्टर.’

पुढे तिने काही सांगितलं नाही. तिला ते चालत होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. ब्रदर कायमचा आहे, बारा वर्षांचा जुना. तो टेबलाशी येऊन उभा राहू शकला. तिचं कंत्राट दर सहा महिन्यांनी माझ्या शेऱ्यावर पुढे जातं.

काल बेड दोनवरच्या बाईंच्या मुलाने असाच कागद आणलाय. परवाची ड्युटी लावायला बसलेय, आणि त्या रकान्यात अजून कुणाचं नाव घातलेलं नाही.