जू वाकडं होते न, सर

आमच्या आर्वीकडच्या बऱ्याच पोरांचं दहावीपर्यंतचं विज्ञान मराठीत आणि अकरावीत पाय ठेवला की एकदम इंग्रजीत. मग समजण्यापेक्षा पाठ करणं सोपं जातं. बारावीच्या जीवशास्त्रात डीएनए येईपर्यंत 'ए-टी, जी-सी' (डीएनएच्या दोन पदरांत समोरासमोर येणाऱ्या चार घटकांच्या जोड्या) सगळ्यांचं तोंडपाठ असतं; असंच का, हे कोणी विचारत नाही. मागच्या आठवड्यात मीच विचारलं आणि तोंडघशी पडलो.

झालं असं, की मी फळ्यावर बैलजोडी काढली. म्हटलं, डीएनएचं जू ठरावीक लांबीचं, रेणूची रुंदी सगळीकडे साधारण २ नॅनोमीटर. ए आणि जी दोन कड्यांचे, म्हणजे मोठे. टी आणि सी एका कडीचे, लहान. दोन मोठे मावत नाहीत, दोन लहान एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून एक मोठा, एक लहान.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, लहान-मोठा बैल जुंपला त जू वाकडं होते न!"

घरी गवळाऊची जोडी आहे त्याच्या. अख्खा वर्ग हसला, मीही हसलो आणि बैल पुसून टाकले.

मग बांबूची शिडी काढली. प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची, एक लांब, एक आखूड. सगळ्या पायऱ्या सारख्या भरल्या तरच उभे बांबू समांतर राहतात. हे पटलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग ए आणि सी पण लांब-आखूडच आहेत न, सर?"

खरा प्रश्न हा. इथं नुसतं माप पुरत नाही. मी माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. ए-च्या काठावर एक बटण आणि एक काज. टी-च्या काठावर नेमकं त्यांच्यासमोर काज आणि बटण. दोन्ही लागतात, ते दोन हायड्रोजन बंध. जी-सीमध्ये असे तीन, म्हणून ती जोडी उसवायला जास्त उष्णता लागते. ए-समोर सी आणला, तर बटणासमोर बटण येतं. डीएनएच्याच नात्यातल्या, सहसा एकपदरी असलेल्या आरएनएत टी-ऐवजी यू असतो, पण त्याची काज-बटणं टी-सारखीच, त्यामुळे ए-शी त्याचं जमतं.

रसायनशास्त्रज्ञ शारगाफ यांनी ए आणि टी सारखे भरतात, जी आणि सी सारखे भरतात, हे १९५०च्या सुमारास मोजून दाखवलं होतं. जोड्यांचं चित्र वॉटसन-क्रिक यांनी मांडलं ते १९५३ साली. यावरचं गणित पोरं चुटकीसरशी करतात: ए ३० टक्के, तर जी २०. तोच प्रश्न एकपदरी आरएनएचा विचारला, तरी तितक्याच चुटकीसरशी उत्तर देतात, आणि तिथं मार्क जातो. समोर दुसरा पदरच नाही, तर ए आणि यू सारखे असायची सक्ती कोण करणार?

तास संपायला दहा मिनिटं होती. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, हा शब्द आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्याच रिपोर्टवर 'एएस' आहे, म्हणजे मी वाहक. पोरांना ते माहीत आहे. फळ्यावर हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकातली सहावी तिकडी (एक अमिनो आम्ल ठरवणारी तीन अक्षरं) लिहिली: जी-ए-जी, समोर सी-टी-सी. शेजारी माझ्या दोन प्रतींपैकी एकीतली: जी-टी-जी, समोर सी-ए-सी. एवढ्याच फरकानं ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. ज्यांच्या दोन्ही प्रती अशा, त्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन कमी पडला की एकमेकांना चिकटतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

"आता सांगा, यातली कोणती पायरी वाकडी आहे?"

बराच वेळ सगळे दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसले. मग तोच मागच्या बाकावरचा म्हणाला, "जू त दोन्हीकडं सरळच हाय, सर."

हो, सरळच आहे. नवी प्रत काढताना पेशी जोडी जमते की नाही, एवढंच बघते, आणि ती जमलेली असते. माझ्या आईकडून ती माझ्याकडे अशीच बिनबोभाट आली.

फळा तसाच ठेवून निघालो. पुढचा तास गणिताचा होता, त्या मॅडमनी पुसला असेल.