बटण दिसतं, पण दाबून काही होत नाही: रेल्स 7 आणि टर्बो

‘बटण चालत नाही’ या तक्रारीमागे निदान चार वेगवेगळे बिघाड असू शकतात. क्लिक बटणापर्यंत पोचलाच नाही. पोचला, पण ऐकणारं कोणी (म्हणजे लिसनर, क्लिक होताच चालणारा कोड) नव्हतं. कोड सुरू होऊन मध्येच कोसळला. किंवा सर्व्हरने उत्तर दिलं आणि ब्राउझरने ते दाखवलंच नाही. यातला कुठला, हे ठरल्याशिवाय कोडची फाइल उघडू नये.

फोंड्यातल्या एखाद्या होमस्टेचं बुकिंग ॲप घेऊ, रेल्स 7 या वेब ॲप बांधायच्या साच्यावर उभारलेलं. टर्बो हा त्यासोबत येणारा जावास्क्रिप्टचा भाग, लिंक आणि फॉर्म तो हाताळतो. ब्राउझरमध्ये एफ12 दाबून कन्सोल (इथे कोडच्या चुका दिसतात) आणि नेटवर्क (इथे सर्व्हरकडे गेलेल्या विनंत्या दिसतात) समोर ठेवा, मग बटण दाबा. नेटवर्कमध्ये नवी ओळ उमटली तर क्लिक पोचला, पुढचं सर्व्हरच्या लॉगमध्ये बघायचं. नाही उमटली तर बटणावर राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट करा. बटणाऐवजी भलताच डिव्ह (पानातला एखादा चौकोन) निवडला गेला, तर बटणावर पारदर्शक काहीतरी पसरलंय. टर्बोत हे ‘बॅक’ दाबल्यावर हमखास घडतं: उघडा मोडल (पानावर उघडणारी छोटी खिडकी) आणि त्यामागचा काळा पडदा जुन्या पानाच्या साठवलेल्या प्रतीत तसाच राहतो. प्रत साठवण्याआधी येणाऱ्या ‘टर्बो:बिफोर-कॅश’ या इव्हेंटवर मोडल बंद करा, पडदा काढा. बटणाचा झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर, हे ठरवणारा आकडा) 9999 करणं म्हणजे दुखणं पुढच्या पानावर ढकलणं.

गोव्यात हटकून भेटणारा एक बिघाड आहे. पाहुण्यांच्या यादीत ‘काढा’ बटण बहुतेक ओळींत चालतं, दोन-तीन ओळींत मुकं. टेस्ट डेटात नाईक, गावडे, प्रभुदेसाई असेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. मग खरा पाहुणा येतो, डि'सोझा. बटणाच्या ऑनक्लिकमध्ये (टॅगमध्येच लिहिलेल्या जावास्क्रिप्टमध्ये) एकेरी अवतरणात नाव घातलेलं असेल, तर आडनावातल्या त्या चिन्हापाशी स्ट्रिंग संपते आणि उरलेलं ‘सोझा’ जावास्क्रिप्टला कळत नाही. कन्सोलमध्ये सिंटॅक्स एरर येते. एचटीएमएल एस्केप केलं (त्या चिन्हाऐवजी त्याचा संकेत लिहिला) तरी भागत नाही, कारण ब्राउझर आधी ते उलगडतो आणि मगच जावास्क्रिप्ट वाचतो. नाव डेटा ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगवर नुसती माहिती ठेवायच्या जागी) ठेवा आणि लिसनर वेगळा जोडा.

रिफ्रेश केलं की चालतं, लिंकवरून त्याच पानावर आलं की चालत नाही, असं असेल तर जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं ‘डॉक्युमेंट रेडी’ शोधा. ते पूर्ण पान लोड झाल्यावर एकदाच चालतं. टर्बो लिंकवर पान नव्याने लोड करत नाही, फक्त बॉडी (पानाचा दिसणारा भाग) बदलतो. जुन्या बटणांवरचे लिसनर त्यांच्याबरोबरच जातात. प्रत्येक भेटीत येणारा ‘टर्बो:लोड’ हा इव्हेंट वापरा, किंवा सरळ स्टिम्युलस (टर्बोची जोडीदार लायब्ररी) कंट्रोलर लिहा. डॉक्युमेंटवरच लिसनर लावायचा असेल तर ती स्क्रिप्ट बॉडीत ठेवू नका. प्रत्येक भेटीत ती पुन्हा चालते आणि लिसनर साचत जातात. मेनू उघडणारं बटण मग दुसऱ्या भेटीत एकाच क्लिकला उघडून लगेच मिटतं आणि मेलेलं वाटतं. तिसऱ्या भेटीत लिसनर तीन होतात, मेनू पुन्हा उघडतो. ‘कधी चालतं, कधी नाही’ ही तक्रार बहुधा इथून येते.

फॉर्म चुकीचा भरला, ‘जतन करा’ दाबलं आणि पान ढिम्म? लॉगमध्ये 200 (सगळं ठीक) हा स्टेटस दिसेल. चुका दाखवण्यासाठी फॉर्म पुन्हा रेंडर करताना स्टेटस 422 (माहितीत चूक) द्या, नाहीतर टर्बो ते उत्तर पानावर दाखवतच नाही. डिलीटनंतर रिडायरेक्टला (दुसऱ्या पानावर पाठवताना) 303 द्या. टर्बोचाच दोष आहे का, याची खात्री करायला त्या फॉर्मवर ‘डेटा-टर्बो’ फॉल्स (म्हणजे टर्बो बंद) करून बघा.

फॉर्मच्या पोटात फॉर्म हा सगळ्यात घातक प्रकार. खोलीची माहिती बदलण्याच्या फॉर्ममध्ये प्रत्येक फोटोखाली ‘काढा’साठी ‘बटण_टू’ टाकलं जातं. रेल्सचं हे बटण स्वतःचा छोटा फॉर्म घेऊन येतं. एचटीएमएलला आतला फॉर्म मान्य नाही: ब्राउझर पहिला आतला सुरुवातीचा टॅग टाकून देतो आणि त्याच्या शेवटच्या टॅगने बाहेरचा फॉर्म बंद करतो. तळाचं ‘जतन करा’ कुठल्याच फॉर्ममध्ये उरत नाही, म्हणून निपचित पडतं. पहिल्या फोटोचं ‘काढा’ मात्र बाहेरचा फॉर्म पाठवतं, डिलीटच्या लपलेल्या फील्डसकट. फोटोऐवजी खोलीची नोंदच उडू शकते. फोटोंची यादी फॉर्मच्या बाहेर काढा.

शेवटी मंद नेट. पावसाळ्यात सत्तरीतल्या एखाद्या गावात पान दिसतं, जावास्क्रिप्ट अजून वाटेतच असते. नेटवर्क टॅबमध्ये थ्री-जी निवडून हेच ऑफिसात बसून बघता येतं. तेवढ्या वेळात डिलीटची लिंक ही नुसती साधी लिंक असते. दाबली तर गेट रिक्वेस्ट (फक्त पान मागणारी विनंती) जाते आणि बुकिंग रद्द होण्याऐवजी त्याचं पान उघडतं. म्हणून रद्द करण्यासाठी लिंक नको, ‘बटण_टू’ हवं. तो खरा फॉर्म असल्याने जावास्क्रिप्टविना चालतो. ‘नक्की रद्द करायचं?’ ही खिडकी मात्र टर्बोच दाखवतो, तेव्हा रद्द करण्याआधी खात्रीचं एक वेगळं पान ठेवा.